चार तासांची घंटा

शाळेतील घंटा दोन मिनिटे चुकली तर शिपायाला बोल लावणारे आम्ही, घरात मात्र दहा दिवस घंटा चुकवीत राहिलो. ते लिहिणे जड जाते. पण आमच्यासारखी शिकलेली आणि भित्री माणसे वाचकांच्याही घरी असतील, म्हणून लिहितो.

गोष्ट २०१८ च्या पावसाळ्यातली. आमचे थोरले बंधू, दादा, पोस्टातून निवृत्त झालेले. इंदूरच्या रामबागेतील जुन्या घरात खाली दादा आणि वहिनी, वर आम्ही, असा आमचा संसार. प्रथम दादांचे डोळे पिवळे झाले. काविळीचे उपचार झाले, तपासण्या झाल्या आणि निदान ठरले स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे. तो यकृतापर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, घरी न्या, असे सांगण्यात आले.

या आजाराची कळ पोटातून थेट पाठीत जाते. उताणे निजवत नाही. पुढे वाकून बसले की किंचित उतार पडतो. दादा रात्ररात्र पलंगावर बसून असत, समोरच्या स्टुलावर रचलेल्या उशांवर कपाळ टेकून. वहिनी पाठीवरून हात फिरवीत. साध्या गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा रुग्णालयातून मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या. सकाळी ६ व १०, दुपारी २ आणि सायंकाळी ६ वाजता एकेक. रात्री १० वाजता दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावयास नको. चिठ्ठीवर सारे स्वच्छ लिहिले होते.

पण मॉर्फिन हा शब्द वाचला आणि आमच्या डोळ्यांपुढे मंदसौर उभे राहिले. नोकरीची पहिली वर्षे आम्ही त्या जिल्ह्यात काढली. आमच्या माळव्याचा तो भाग सरकारी परवान्याने अफू पिकवणारा. फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांनी शेते भरून जात. फुले गळाली की दुपारी बोंडांना चिरा देत. रात्रभर चीक पाझरे आणि सकाळी तो खरवडून घेत. त्याच गावांत, वेळेवर अफूची गोळी न मिळाल्यास हातपाय कापणारे म्हातारेही आम्ही ओट्यांवर पाहिले होते. मॉर्फिन निघते ते त्याच चिकातून. जन्मात तपकीरही न ओढलेल्या दादांना जाता जाता व्यसन लावावयाचे? आम्ही पाकीट आमच्या कपाटात ठेवले, किल्ली खिशात टाकली आणि म्हणालो, "दादा, अगदीच सोसेना तर सांगा."

दादा सांगत नसत. सोसण्याची सीमा कोणती, हे त्यांनी तरी कसे ठरवावे!

दहाव्या दिवशी रुग्णालयातून एक तरुण डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी पाकीट मागितले, गोळ्या मोजल्या. दहा दिवसांत ६० संपावयास हव्या होत्या. उरल्या होत्या ३९. त्या रागावल्या नाहीत. "सर, दुखणे आल्यावर त्याच्या मागे धावू नका. ते येण्याआधी गोळी द्या," एवढे म्हणाल्या. औषधाचा अंमल चार तासांत ओसरतो. कळ एकदा वर चढली की तिला उतरवण्यास अधिक औषध लागते. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकाएकी बंद करू नये. पण वेदनेसाठी वेळेवर घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. पहिले काही दिवस गुंगी येईल, ती जाईल. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते. त्याचे औषध रोज चुकवू नका.

पुढे वाचनात आले की १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचाने रुग्णालयेही मॉर्फिन ठेवीनाशी झाली होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सुकर केली. आमच्या कपाटास ती दुरुस्ती ठाऊक नव्हती!

त्या रात्रीपासून आम्ही गजराचे घड्याळ दादांच्या उशाशी ठेवले आणि शाळेच्या हजेरीसारखी वही घातली. शाळेच्या वेळात वहिनी गोळी देत आणि वहीत खूण करीत. दोन दिवस दादा पेंगत राहिले. तिसऱ्या सकाळी कुशीवर निजलेले दिसले. उशा स्टुलावर तशाच होत्या. जागे झाल्यावर त्यांनी मऊ भात आणि मेतकूट मागितले, चार घास घेतले. दहाचा गजर झाला तेव्हा आमच्याकडे पाहून म्हणाले, "बाळ, शाळेत देतोस तशी घंटा दे रे." आम्हांला उत्तर सुचले नाही.

पुढे सहा आठवडे ते होते. गोळ्यांचे प्रमाण दोनदा वाढवावे लागले. नवरात्रात, दुपारी दोनची गोळी देण्यापूर्वीच, ते गेले.

तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत करावयास निघालो, तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, किल्ली तुमच्या खिशात आहे, हे ह्यांना माहीत होतं. मी मागणार होते. तर म्हणाले, राहू दे, तो घाबरलाय."

रुग्णालयात गोळ्या मोजल्या. बावीस भरल्या. नोंदवहीत आकडा लिहून आम्ही सही केली.