पर्याय मोजताना

2 ऑगस्ट 2016 ची रात्र. महाडजवळचा सावित्रीवरचा 1928 चा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एसटी गाड्या नदीत कोसळल्या. शेजारचा नवा पूल शाबूत होता. पुढे दोन्हीकडची वाहतूक त्यानेच पेलली. हिशेबात मार्ग 'उपलब्ध' राहिला, माणसं मात्र गेली. उपलब्धता (वाट किती वेळ खुली) आणि विश्वासार्हता (ती अचानक न मोडणं) वेगवेगळ्या का मोजायच्या, ते इथे कळतं.

*

त्या रात्री जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने पूल पडलेला पाहिला आणि मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. बिघाड होणं आणि तो कळणं यांमधला काळ गणितात स्वतंत्र धरलाच पाहिजे.

*

पडलेल्या पुलाच्या जागी दुसरा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017 ला खुला झाला. मोठंच काम. पण त्याने दुरुस्तीचा काळ घटला. पूल पडू न देणं ही जबाबदारी निराळी.

*

शंभरात नव्व्याण्णव वेळा चालणाऱ्या दोन वाटा असल्या, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. अट एवढीच, की एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसावा. पोलादपूर-महाडला नेमकी हीच अट टिकत नाही. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथे कोसळणारा पाऊस पोलादपूरहून वर जाणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी आणतो आणि तोच पुढे महाडच्या बाजारपेठेत शिरतो. महाडहून वर जाणारा वरंध घाटही त्याच दिवसांत बंद होतो. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं, वीज गेली, फोन लागेनात, रस्ते अडले. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. रस्ता, वीज, फोन असे वेगवेगळे मोजलेले आधार एकाच पावसाने एकदम काढून घेतले.

*

99 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून थोडं अधिक बंद. ते तासातासाने वर्षभर विखुरले तर चालून जातं. जुलैत सलग आले तर कळा सुरू झालेली बाई घरातच अडकते. वार्षिक सरासरी इथे निरुपयोगी आहे. आकडा पुराच्या दिवसांचा काढावा.

*

आपत्ती आराखडा करणाऱ्यांना विनंती: प्रत्येक पर्यायासमोर 'हा कशाने बंद पडतो' असा रकाना ठेवा. दोन पर्यायांसमोर सावित्रीचा पूर आला, तर ते दोन मोजू नका.