उत्रोलीची गाडी आणि तापलेला सेल्फ

मैत्रिणींनो, माहेरी-सासरी जाऊन आलं की आपण तिथल्या पापड-कुरडयांची नाहीतर लग्नकार्याची हकिगत सांगतो. मी मात्र आज एका जुन्या पिकअप गाडीची हकिगत सांगणार आहे. हसू नका हं! ज्या घरात गाडी आहे, त्या घरातल्या बाईला ही माहिती कधी ना कधी उपयोगी पडेल.

गेल्या वैशाखात चार दिवस नणंदेकडे उत्रोलीला गेले होते. उत्रोली हे भोरजवळचं गाव. स्वारगेटला एस.टी. धरायची, कात्रज मागे टाकायचा, कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरकडे वळायचं. पुण्याहून भोर साधारण पन्नास किलोमीटर. कापूरहोळ सुटलं की हवाच बदलते. एरवी हिरवीगार दिसणारी भातखाचरं वैशाखात भाजून करडी झालेली असतात, पण नीरेच्या काठची झाडी डोळ्यांना गारवा देते. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. संस्थान 1948 साली विलीन झालं, पण 1869 साली बांधलेला राजवाडा अजून डौलात उभा आहे. जवळच येळवंडी नदीवर भाटघरचं जुनं दगडी धरण आहे आणि दक्षिणेला रोहिड्याचा डोंगर पहारा करतो.

स्टँडवर भाऊजी पिकअप घेऊन आले होते. माझी पिशवी उचलायला ते खाली उतरले, पण इंजिन चालूच! मला वाटलं, घाई असेल. वाटेत डिझेल भरायला पंपावर थांबलो. तिथे इंजिन बंद करावंच लागतं. डिझेल भरून झालं, भाऊजींनी चावी फिरवली आणि नुसतं ‘टक’ झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. शेवटी पंपावरच्या पोरांनी धक्का मारला, तेव्हा गाडी चालू झाली. मी आपली आत पदर सावरून बसलेली. इतकी शरम वाटली म्हणून सांगू!

रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी सगळं सांगितलं. “वहिनी, सकाळी गार असताना गाडी एका चावीला चालू होते. तापली की हटून बसते. तासभर थांबलं की पुन्हा शहाणी!” याच गाडीतून टोमॅटो, काकडी मार्केट यार्डात जाते आणि त्यावरच घर चालतं. त्यामुळे भाऊजी वाटेत कुठे इंजिन बंदच करत नाहीत. चहाला थांबले तरी डिझेल जळत राहतं. पावसाळ्यात वन्संच्या सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी नुकतीच पुण्याहून आलेली, तापलेली. शेजारपाजारच्या चार जणांनी ढकलून ती चालू केली. म्हातारीला काही झालं नाही हे नशीब. पण वन्संच्या मनात ती भीती बसली ती बसलीच.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, “सेल्फ गेलाय, नवीन टाका.” आकडा ऐकून वन्संचं धाबं दणाणलं. भाचीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी डब्यात साठवलेले पैसे तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी ते सेल्फवर जायचे होते. मी म्हटलं, “वन्सं, आधी आणखी एकाला दाखवू या. डॉक्टर नाही का आपण दोन करत?”

भोरला एक वयस्क वायरमन आहेत, गाड्यांच्या विजेचं काम करणारे. सकाळी त्यांना आणलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तापल्यावर नुसतं टक होतं, की इंजिन हळूहळू फिरतं, की भराभर फिरूनही पेटत नाही?” तीन तऱ्हा, तीन वेगळी दुखणी. भराभर फिरूनही पेटत नसेल, तर दोष सेल्फचा नाही, इंधनाचा. नुसतं ‘टक’ होत असेल किंवा इंजिन जड फिरत असेल, तर दोष विजेच्या वाटेवर किंवा सेल्फमध्ये. मग म्हणाले, “आता गाडी गार आहे. गार गाडीत दुखणं सापडणार नाही. तापवून आणा.”

आणि मला अवचित सहल घडली! मांढरदेवीकडे जाणाऱ्या आंबाडखिंडीच्या घाटात भाऊजींनी गाडी घातली. वळणावळणाचा चढ, खाली भोरचं खोरं, करवंदांच्या जाळ्या. वन्संनी खिंडीत ओंजळभर करवंदं तोडून माझ्या पदरात टाकली. इंजिन अर्थात चालूच! खाली उतरेपर्यंत गाडीचा कढ चांगलाच वाढला होता.

अंगणात आल्यावर इंजिन बंद केलं. वायरमनबाबा म्हणाले, “पंधरा मिनिटं थांबा.” मी विचारलं, का? इंजिन बंद झालं की पाणी खेळायचं थांबतं, वाराही लागत नाही, पण तापलेल्या लोखंडातला कढ बाहेर पडतच राहतो. शेजारी बसलेला सेल्फ त्यामुळे आधीपेक्षा जास्त तापतो. गॅस बंद केल्यावरही जाड तव्यावरची भाकरी करपते ना, तसंच. म्हणून थोड्या वेळाच्या थांब्यानंतरच गाडी हटते.

सेल्फच्या पोटात तांब्याच्या तारा. तांबं तापलं की विजेला अडवू लागतं. तीस अंशांवरून शंभर अंशांवर गेलं, की अडवणूक सव्वापटीहूनही थोडी जास्त होते. चांगली गाडी एवढं सोसते. पण वाटेत दुसरी कुठली अडचण असली, तर दोन्ही मिळून सेल्फला उठू देत नाहीत. आपला 750 वॉटचा मिक्सर तीन-सव्वातीन अँपिअर घेतो. असा सेल्फ दोनशे-तीनशे घेतो! एवढ्या लोंढ्यात एका ओमच्या शंभराव्या भागाइतका सांधा सैल असला, तरी बारापैकी दोन-अडीच व्होल्ट तिथेच गडप होतात.

बाबांनी मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. मीटर माझ्या हातात दिला. वन्संना आत बसवलं, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. “मारा सेल्फ!” ‘टक’. मीटरवर दोन व्होल्टांच्या वर आकडा. खरं तर अर्ध्या व्होल्टाच्या आत हवा. बाबा हसले. “सेल्फ नाही, अर्थिंग!”

इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं. त्यामुळे वीज बॅटरीकडे परत यायला इंजिनापासून चासीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती पट्टी अर्धी तुटली होती आणि तिच्या टोकाखाली गंज आणि रंग. बाबांनी नवी जाड पट्टी लावली, दोन्ही टोकांखालचं लोखंड लखलखीत घासलं, सेल्फवरचा नट आवळला. सेल्फ उघडून कार्बन आणि बुश पाहिले. ते अजून चांगले होते. खर्च किती? सेल्फच्या आकड्यापुढे चिल्लरच!

बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवा थर साचला होता. ते काम आम्ही बायकांनी केलं. त्यातल्या चार गोष्टी सांगते:

1. आधी हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढा, मंगळसूत्र आत घ्या. धातू दोन खुंट्यांना टेकला तर क्षणात लाल होऊन भाजतो. जवळ विस्तव नको. बॅटरीतून पेटणारा वायू निघतो.

2. वजा खुंटीची वायर आधी सोडा आणि शेवटी लावा.

3. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने थर घासा. झाकणं घट्ट असू द्या, पाणी आत जाता कामा नये. डोळे जपा. मग स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडं करून, वायर आवळल्यावर वर व्हॅसलीनचा हात फिरवा.

4. तापलेल्या सेल्फवर तांब्याने पाणी ओतू नका. तापलेलं बीड एकदम गार झालं तर तडकतं. पान्याने सेल्फची टोकं जोडून गाडी उठवण्याचा खेळही नको. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते.

एके काळी गाडी चालू करायला पुढून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. तेव्हापासून बाईमाणसालाही कुणाची वाट न पाहता गाडी चालू करता येऊ लागली. वन्संनी मात्र त्या दिवसापर्यंत चावीला हातसुद्धा लावला नव्हता!

दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढून आलो. पंधरा मिनिटं थांबून वन्संनीच चावी फिरवली. गाडी एका दमात उठली. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, “आता मी आजारी पडायला हरकत नाही!” सगळे हसलो, पण वन्संनी डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळी त्यांनी डबा उघडून पैसे मोजले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले. प्रवेशाची तारीख जवळ आली होती.

निघताना भाऊजी मला कापूरहोळपर्यंत सोडायला आले. एस.टी.ला उशीर होता. त्यांनी सवयीने एकदा चावीकडे पाहिलं, मग इंजिन बंद केलं. म्हणाले, “चला वहिनी, निवांत चहा घेऊ.” कित्येक महिन्यांनी त्यांनी बसून चहा घेतला असेल!