तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारापर्यंत

गेल्या माघांत मी मुंबईस जाण्याचें काढलें, तेव्हां घरांत सर्वांनीं एकच प्रश्न केला, "आतां या वयांत मुंबईंत काय काम?" दादरच्या भाचीकडे जाऊन बरेच दिवस झाले, असें उत्तर मीं दिलें. तें खोटें नव्हतें. परंतु खरें कारण निराळें होतें, आणि तें सांगण्याची मला लाज वाटत होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या मनुष्यानें माशांपायीं प्रवास करावा, आणि तोहि बंद पडलेल्या एका मत्स्यालयाचें दार पाहण्याकरितां, हें ऐकून कोणीहि हंसलें असतें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं काचेच्या टाकींत मासे आहेत, त्यांना पुढील हिशेब सांगावयास नको. इतरांना मात्र तो सांगितल्यावांचून माझी अडचण कळावयाची नाहीं. सन २००६ मध्यें मी नोकरींतून निवृत्त झालों त्या वर्षीं आणलेली आमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितकीच उंच आहे. तींत सुमारें एकशें तीस लिटर पाणी मावतें. माशांच्या मळापासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांना विष आहे. वाळूंत आणि फिल्टरच्या स्पंजांत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. यांपैकीं नायट्राइटहि विषारीच. नायट्रेट त्या मानानें सौम्य, पण तें सांचत जातें. त्यावर सरळ घरगुती उपाय म्हणजे दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून तितकें नवें घालणें. चतुर्थांश म्हणजे बत्तीस-तेहतीस लिटर. लिटरास एक किलो या मानानें तेवढें वजन एकदां मोरीपर्यंत न्यावयाचें, आणि तेवढेंच परत आणून छातीइतक्या उंचीवर ओतावयाचें. एकूण पासष्ट किलो झाले! शिवाय स्टुलावर चढून काचेवरील शेवाळ खरवडणें व वांकून नळी बादलींत धरून बसणें हें निराळेंच.

पंधरा वर्षें हें सारें मीं एकट्यानें केलें, आणि त्याचा मला अभिमानहि होता. नंतर उजवा हात कांपूं लागला. डॉक्टरांनीं पार्किन्सन हें नांव सांगितलें. पुढें हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळी बसविली गेली आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गुडघे तर त्याआधींपासूनच कुरकुरत होते. तरी रविवारचा माझा क्रम चालू होता. गेल्या दिवाळीच्या आदल्या रविवारीं मात्र भरलेली बादली हातांतून निसटली आणि तिच्यामागोमाग मीहि ओल्या फरशीवर गेलों. हाड मोडलें नाहीं, एवढेंच. मांडीवरचा काळानिळा डाग तीन आठवडे तसाच होता. त्या रात्रीं चिरंजीवांनीं अगदीं शांतपणें सांगितलें, "बाबा, टाकी आतां कोणाला तरी देऊन टाकूं." त्याचें म्हणणें चुकीचें असतें तर मीं वाद घातला असता. तें बरोबर होतें, म्हणूनच दोन महिने तें मनांत सलत राहिलें. शेवटीं फाल्गुनापूर्वीं टाकी द्यावयाची असें मींच कबूल केलें. आणि त्याआधीं एकदां, हा छंद मला जेथें जडला ती जागा पाहून यावी, असें मनांत आलें.

बरोबर नातू होता. तो सतरा वर्षांचा आहे आणि मला एकट्याला आगगाडींत बसूं देणें घरांत कोणास मान्य नव्हतें. सकाळच्या डेक्कन क्वीननें निघालों. खंडाळ्याच्या घाटांत तो आपल्या मोबाइलमध्यें मग्न होता आणि मी खिडकीबाहेर; त्यामुळें प्रवासवर्णन म्हणून सांगण्यासारखें कांहीं घडलें नाहीं. बोरीबंदरास उतरून टॅक्सी केली तेव्हां त्याला मीं खरें कारण सांगितलें. तो हंसला नाहीं. "बंद आहे तें, आजोबा," एवढेंच म्हणाला. "मला ठाऊक आहे," मी म्हणालों.

सन १९५८ सालीं, मी दहा वर्षांचा असतांना, वडिलांनीं मला येथें आणलें होतें. धोतर, कोट व काळी टोपी अशा वेषांत ते त्या अंधाऱ्या दालनांत एकेका उजळलेल्या काचेपुढें इतका वेळ उभे राहत कीं मलाच त्यांचा हात ओढावा लागे. समुद्री कासव पाहिल्याचें मला आठवतें. परंतु त्याहूनहि स्पष्ट आठवते ती एक दुसरीच गोष्ट. एका टाकींत वरून अकस्मात् एक मनुष्याचा हात आला. कोपरापर्यंत बाही दुमडलेला तो हात फडक्यानें आंतील काच सावकाश पुसून वर निघून गेला. मासे जरा बाजूस सरले आणि पुन्हा जागेवर आले. त्या हाताचा मनुष्य आम्हांस दिसला नाहीं. वडील म्हणाले, "पाहिलेंस? हें रोज करावें लागत असेल."

मरीन ड्राइव्हवर चर्नी रोडच्या बाजूस ती इमारत आहे. समुद्राला पाठ करून कट्ट्यावर आम्ही बसलों आणि रस्त्यापलीकडे तिच्याकडे पाहत राहिलों. डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थाच्या देणगीमुळें त्यांचें नांव या मत्स्यालयास मिळालें, आणि सन १९५१ मध्यें राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें तें उघडलें गेलें. सन २०१५ मध्यें मोठी दुरुस्ती होऊन, आंत ॲक्रिलिकचा बोगदा वगैरे करून, तें पुन्हा सुरू झालें होतें. पुढें इमारतच धोक्याची ठरल्यामुळें तें बंद करावें लागलें. खाऱ्या वाऱ्यानें काँक्रीटच्या पोटांतील लोखंड गंजतें, गंजलेलें लोखंड फुगतें आणि फुगतांना बाहेरचें काँक्रीट फोडतें. समुद्रकांठच्या घरांचा हा ठरलेला रोग आहे. ती इमारत माझ्याहून तीन वर्षांनीं लहान. बंद दाराकडे पाहतांना मला फार वाईट वाटेल अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षांत ऊन लागत होतें आणि मला चहा हवा होता.

चहा पीत असतां नातवानें विचारलें, "एवढ्या मोठ्या टाक्यांचें पाणी कोण बदलत असेल हो?" मग मीं त्यास त्या हाताची गोष्ट सांगितली, आणि तिच्या ओघांत आणखी एक, पुस्तकांत वाचलेली. समुद्रांतील जीव घरांत जगविण्याचे जे पहिले यशस्वी प्रयत्न झाले, त्यांत ॲना थिन या इंग्रज बाईंचें नांव येतें. सन १८४६ मध्यें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून त्यांनीं जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तेव्हां हवेचे पंप नव्हते. म्हणून त्यांची दासी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशीं उभी राहून, पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतून त्यांत हवा मिसळीत असे. कीर्ति बाईंची झाली. पाणी ओतणारे हात दुसरेच होते.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आपल्याकडे तुम्ही एकटेच कां उचलत होतां सगळें?"

याचें उत्तर मला ठाऊक होतें आणि त्यालाहि. तो नऊ वर्षांचा असतांना एकदां आम्ही चार दिवस परगांवीं गेलों होतों, आणि मासे त्याच्यावर सोंपविले होते. प्रेमानें त्यानें खाद्याची अर्धी डबी पाण्यांत रिकामी केली. आम्ही परतलों तेव्हां पाणी दुधासारखें गढूळ झालें होतें आणि सहा मासे मेले होते. मी त्यास सर्वांदेखत फार बोललों. त्या दिवसापासून टाकीला कोणीं हात लावावयाचा नाहीं, असा जो नियम मीं केला तो घरानें निमूटपणें पाळला. मी म्हातारा झालों आणि नियम मात्र तसाच राहिला. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर मीं त्यास म्हटलें, "माझें चुकलें त्या वेळीं." आजोबांनीं नातवास असें म्हणण्याची आमच्या घरांत रीत नाहीं, तो इतका संकोचला कीं उठून पेले परत देण्यास गेला.

तेथून आम्ही क्रॉफर्ड मार्केटांत गेलों. सन १८६९ चें हें बांधकाम. दारावरील शिल्पें रुड्यार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग यांनीं रेखलेलीं आहेत. आतां त्यास महात्मा जोतीबा फुले मंडई म्हणतात. तेथील पक्ष्यांच्या व माशांच्या दुकानांपुढें उभें राहिलें म्हणजे मला आजहि वेळेचें भान राहत नाहीं. जवळच्या एका दुकानांत माझ्याच वयाचे एक गृहस्थ स्टुलावर बसले होते. भिंतभर टाक्या होत्या, आणि ते जागचे न हलता पाय लांब करून एका नळीनें त्यांतील पाणी बदलीत होते. मीं आपली हकीकत सांगितली. त्यांनीं बादली या शब्दालाच हात झटकला. लहानशी बुडती मोटर, लांब नळी, टाकींतून थेट मोरींत. आणि नवें पाणीहि पिंपांतून तिनेंच वर चढवावयाचें. मोटर लावतांना पाण्यांत हात घालावयाचा नाहीं, आणि वायर भिंतीकडे नेतांना मध्यें खालीं लोंबती ठेवावयाची, म्हणजे ओघळलेला थेंब बटणांत न जातां जमिनीवर पडतो. मग त्यांनीं आपलें बोट दाखविलें. त्यावर जुना व्रण होता. माशांच्या पाण्यांत एका जातीचे जंतु असतात. हाताला ओरखडा असला तर त्यांतून शिरून गांठी आणतात आणि त्या महिनेमहिने बऱ्या होत नाहींत. मधुमेह्यांनीं तर हातमोज्याशिवाय पाण्यांत हात घालूंच नये, असें ते स्वतःच्या अनुभवानें म्हणाले. तोंडानें नळी ओढण्याची माझी जुनी संवयहि त्यांनीं सोडावयास लावली. मोटर, नळी आणि कोपरापर्यंतचे मोजे नातवानें पिशवींत घातले. टाकी द्यावयाची आहे, याची आठवण आम्हां दोघांपैकीं कोणीं काढली नाहीं.

भाचीकडे जेवून दुसऱ्या दिवशीं परतलों. घरीं काय काय बोलणें झालें तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. चिरंजीवांनीं बादली व स्टूल या दोन वस्तु मला वर्ज्य, या अटीवर संमति दिली. बावीस माशांपैकीं तेरा एका स्नेह्यांकडे गेले. आठ वर्षांचा एक एंजल मात्र मीं ठेवला. उरलेल्या नऊंना पुरेल असा क्रम मीं बसविला आहे. रात्रीं पाणी उघड्या प्लास्टिकच्या पिंपांत भरून ठेवतों, म्हणजे नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जातो. सकाळीं पूजा झाली कीं खुर्ची ओढून बसतों. टाकींतून दोन तांबे पाणी काढून गच्चींतील तुळशीला व जास्वंदीला घालतों, आणि पिंपांतून दोन तांबे टाकींत. तांब्या स्टीलचा असावा. तांबें पाण्यांत उतरलें तर तें माशांना बाधतें, म्हणून नांव तांब्या असलें तरी धातु ती नको. हात कांपतो त्या दिवशीं तांब्या अर्धाच भरतों आणि खेपा चार करतों. अशानें आठवड्याचे चौदा लिटर होतात. बाकीचें काम महिन्यांतून दोन रविवार नातू मोटरनें करतो.

पहिल्याच रविवारीं मोटर चालू ठेवून तो मित्राशीं फोनवर बोलत गच्चींत गेला. नवें पाणी टाकीच्या काठावरून वाहून सतरंजीखालून दिवाणापर्यंत पोहोंचलें. सूनबाई धांवत आल्या, सौ. धांवत आल्या, आणि नातू दारांत उभा राहून माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. मीं खुर्चींतूनच हात लांब करून बटण बंद केलें, आणि एंजल जागेवर आहे ना, तें त्यालाच पाहावयास सांगितलें. तो होता. फडकें मात्र सौ.नीं मला घेऊं दिलें नाहीं.