बोटाएवढी शेवई

मुलांनो, शेवई म्हटली की डोळ्यांपुढे काय येतं? केसासारखी बारीक, दुधात शिजलेली. पण जर्मनीत एक शेवई आहे ती चक्क बोटाएवढी जाड, आणि तीही बटाट्याची! नाव जरा जीभ वळवणारं : शुप्फनूडल्न.

नकाशा उघडा. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, नेकार नदीकाठी स्टुटगार्ट शहर सापडेल. १९६८ पासून ही आपल्या मुंबईची भगिनी-नगरी आहे बरं का! आसपासच्या मुलखाला श्वाबिया म्हणतात. ही शेवई तिथली खासियत.

बटाटे सालासकट उकडायचे, सोलून कुस्करायचे. त्यात मैदा, अंडं, मीठ आणि किंचित जायफळ घालून मळायचं. छोटा गोळा तळहातांत असा वळायचा, की दोन्ही टोकं निमुळती झाली पाहिजेत. आजी गव्हले वळते ना, त्याच जातीचं काम. फक्त माप दांडगं! उकळत्या पाण्यात सोडल्या की त्या आधी तळाशी जातात, शिजल्या की आपोआप वर तरंगतात. मग लोण्यात खरपूस परतायच्या.

स्टुटगार्टच्या जत्रेतही त्या हमखास मिळतात. या जत्रेची जन्मकथा मात्र उपासमारीची आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुराळ्यानं ऊन अडलं आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं कुजली, माणसं अन्नाला मोताद झाली. पुढे सुगी सावरल्यावर, १८१८ मध्ये, राजा पहिला विल्हेल्म यानं शेतकऱ्यांसाठी हा उत्सव सुरू केला. आजही मैदानात धान्य, फळं, भाज्यांनी सजवलेला उंच खांब उभारतात.

आता पोषणाचं बघू. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८५ उष्मांक असतात, पण प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. मैदाही पिष्टमयच! अंड्यानं थोडी भर पडते, एवढंच. बटाट्यात 'क' जीवनसत्त्व असतं; चिरून उकडला तर ते पाण्यात उतरतं, म्हणून साल हवी. तरी काही कमी होतंच.

म्हणूनच यांच्या जोडीला आंबट कोबी असतो. बारीक चिरून, मीठ लावून, दडपून, लोणच्यासारखा मुरवलेला. बर्फाच्या दिवसांत ताजी भाजी नसली तरी यातून 'क' जीवनसत्त्व आणि चोथा मिळतो. कॅप्टन कुकनं १७६८ च्या सफरीत, खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून हाच कोबी पिंपांत भरून नेला होता.

कुठे कुठे खसखस-साखर घालून या शेवया गोडही करतात. तुम्ही तेच मागाल, ठाऊक आहे मला! मी मात्र कोबीची ताटली आधी पुढे करीन.