वाळूचा तळ

मंगळवार पेठेतील आमच्या घरी आबांची दुपार फिश टँकपाशी जाते. तळाच्या खड्यांत रुतलेले अन्न व विष्ठा उपसणे त्यांच्या थरथरत्या हातांना जड होऊ लागले. ते काम मी घेतले असते, तर त्यांचा विरंगुळाच हिरावला असता. म्हणून खड्यांऐवजी वाळू घातली. तिच्यावर घाण वरच राहते, नळीने सहज ओढली जाते.

खड्यांवर उपयुक्त जिवाणू वसतात. म्हणून ते तीन आठवड्यांत थोडेथोडे काढले आणि त्या काळात फिल्टर धुतला नाही. निवळ पाणी येईपर्यंत वाळू धुतली. थर दोन सेंटिमीटरच ठेवला. हाताला जखम असल्यास, विशेषतः मधुमेहींनी, टाकीत हात घालू नये. १० लिटरची बादली म्हणजे १० किलोंचे ओझे. ते मी उचलतो. नळी मात्र आबांच्याच हाती असते.