पडद्याचे अस्तर

आमच्या वसईतील घरासमोरच्या रस्त्यावर पांढरा एलईडी दिवा लागला, तेव्हा आम्हां सर्वांना आनंदच झाला होता. त्या प्रकाशाची दुसरी बाजू ध्यानी आली ती आईच्या खुब्याचे हाड मोडल्यानंतर. हाड सांधले, पण जिना चढणे संपले. तिची खाट दिवाणखान्यात, खिडकीशी आली. एका रात्री अडीच वाजता पाहतो तो काय, आई मिस्साला जाण्यासाठी लुगडे नेसून दाराची कडी चाचपडत उभी! पडद्यावरचा उजेड पाहून तिला उजाडल्यासारखे वाटले होते. ती पुन्हा पडली असती तर, या विचाराने आमचा थरकाप उडाला.

रात्रीच्या प्रकाशामुळे झोपेला साहाय्य करणारे मेलाटोनिन शरीरात कमी तयार होते. खोली काळोखी ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले. नवे जाड पडदे घ्यावेत, असे आम्हाला वाटले. परंतु जुने पडदे १९७८ साली घर बांधून झाले तेव्हा आईने स्वतः शिवलेले. ते उतरवण्यास ती राजी होईना. म्हणून त्यांनाच अस्तर लावायचे ठरले. हात आमचे, देखरेख तिची.

ब्लॅकआउट कापडाच्या पाठीवर प्रकाश अडवणारा लेप असतो आणि सुईचे छिद्र त्यात पुन्हा बुजत नाही. टाचण्या काढून कापड उजेडासमोर धरले, तो काळ्या आभाळात चांदण्या उमटलेल्या! मग टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावले. अस्तर बाहेर डोकावू नये म्हणून ते खालून व बाजूंनी दोन सेंटिमीटर कमी ठेवले आणि केवळ वरच्या कडेला शिवले. कडेने उजेड शिरू नये म्हणून दांडी चौकटीपलीकडे दोन्ही अंगांना वीतभर वाढवली.

पहिल्याच रात्री आईने विचारले, "मला कबरीत निजवलंत की काय?"

आम्ही निरुत्तर झालो. रस्त्यावरच्या दिव्याबरोबर तिची पहाटही आम्ही झाकून टाकली होती. दुसऱ्या दिवशी शिवण उसवली, छिद्रे वरच्या दुमडीत घेतली आणि अस्तर मागच्या बाजूस वेगळ्या दांडीवर टांगले. आळतारापाशी एक मंद लाल दिवा ठेवला. रात्री उठल्यास जमीन दिसावी, एवढाच.

इस्टरच्या जागरणविधीत चर्चमधील दिवे मालवलेले असतात, म्हणून तर पास्काच्या मेणबत्तीची एक ज्योत सर्वांच्या डोळ्यांत भरते. काळोखाचेही काही प्रयोजन असते, हे दरवर्षी पाहूनही आम्हाला उमगले नव्हते.

आता पहाटेची घंटा होऊन फटफटू लागले, की आमच्यापैकी कोणीतरी अस्तर बाजूला सारतो. मागे आईच्या हातचा पडदा तेवढा उरतो आणि त्यातून कोवळा उजेड आत येतो. आम्हाला उशीर झाला, तर आई जागी असूनही उठत नाही. वाट पाहत पडून राहते. काळोख आम्ही केला आहे, तेव्हा पहाटही आम्हीच करायची, हे तिने धरून ठेवले आहे. आम्हाला आता सकाळी लोळत पडण्याची सोय राहिलेली नाही.