तळघरातील खांब

घराचा खांब हा मोठा अबोल सेवक आहे. तो उभा असेपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाही. आठवण होते ती तो आड आला म्हणजे.

कॅनडातील माँत्रेआल शहराजवळ एका घरात असाच प्रसंग आला. घर होते मॉरिशसहून जाऊन तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थाचे. त्या उन्हाळ्यात वाक्वाहून त्याचे वृद्ध वडील मुक्कामास आले होते. हयातभर गवंडीकाम केलेला हा मनुष्य सुनेचे घर पाहता पाहता तळघरात उतरला आणि कौतुकाने उभा राहिला. मॉरिशसमध्ये घराखाली असे घर कोण बांधतो? परंतु त्या देशी हिवाळ्यात जमीन मीटर-दीड मीटर खोल गोठते. पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो, आणि एवढे खणल्यावर आत आयताच एक मजला मिळतो.

मुलाच्या मनात तेथे पूल टेबल मांडावयाचे होते. मुले मोठी झाली होती. संध्याकाळी बाहेर जाण्याऐवजी ती मित्रांसह घरीच खेळतील, असा त्याचा हेतू. टेबलाचा खेळावयाचा भाग २५४ सेंटिमीटर लांब व १२७ सेंटिमीटर रुंद. काठी सुमारे १४७ सेंटिमीटरांची. ती चहूकडून मोकळी फिरावी तर साधारण साडेपाच मीटर लांब व सव्वाचार मीटर रुंद जागा हवी. नेमके त्या जागेत दोन लोखंडी खांब उभे होते.

“बाबा, एक खांब काढून टाकतो, दुसरा थोडा सरकवतो. रविवारी शेजारी मदतीला येणार आहे. एका दिवसाचं काम,” मुलगा म्हणाला.

वडिलांनी फक्त विचारले, “अरे, यांच्यावर उभं काय आहे?”

मुलास उत्तर देता येईना. तेव्हा म्हातारा त्याला वर घेऊन गेला. खांबांवरची तुळई ज्या रेषेत होती, त्याच रेषेत स्वयंपाकघराची भिंत होती. भिंतीवर देव्हारा होता. आणि त्याच्याही वर नातवंडे निजत असत.

त्या रात्री जेवणानंतर वडिलांनी एक गोष्ट सांगितली. घरात ती यापूर्वी कोणी ऐकली नव्हती.

कोकणातून करारावर ऊसमळ्यात आलेल्या पूर्वजांच्या चौथ्या पिढीला कुठे स्वतःचे घर लाभले होते. लाकडी फळ्यांचे, वर पत्रे. १९५९ साली थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. पंगतीला जागा पुरेना, म्हणून पंधरा वर्षांच्या या मुलाने ओसरीचा मधला खांब स्वतः कापून काढला. सगळ्यांनी शाबासकी दिली. लग्न पार पडले. खांब परत बसवावयाचा मात्र आज-उद्या करता राहून गेला. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल वादळ आले. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. शेजारची अनेक घरे पडली, आणि यांचेही छप्पर ओसरीपासून उचलले गेले.

“तो खांब असता तर छप्पर राहिलं असतं का, देव जाणे. आजाबांनी मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं,” वडील म्हणाले.

वादळानंतर बेटावर सिमेंटची घरे झपाट्याने उभी राहू लागली. त्या कामावर हा मुलगा मजूर म्हणून लागला, आणि पुढे गवंडी झाला.

शेजारी रविवारी आला तो चहा पिऊन परत गेला. मुलाने अभियंत्यास बोलावले. त्याने समजावले की, मजल्याच्या लाकडी कड्यांचे टोक दोन्हीकडून मधल्या तुळईवर टेकते, म्हणून मजल्याचा जवळजवळ निम्मा भार तीच वाहते. एक खांब काढला की तिचे मोकळे अंतर दुप्पट होते. मग तिला वाकविणारा जोर चौपट होतो, आणि तीच तुळई सोळापट झोळ खाते. खांब नुसता सरकवूनही भागत नाही. तळघराची फरशी जेमतेम दहा सेंटिमीटर जाड. मूळ खांबाखाली मात्र काँक्रीटचा रुंद पाया असतो. नव्या जागी तसाच पाया घालावा लागतो.

नगरपालिकेची परवानगी मिळाली. नवे खड्डे खणून पाये घातले आणि ते पुरते घट्ट होऊ दिले. मग तुळईच्या दोन्ही बाजूंस तात्पुरते टेकू देऊन जागोजागी भार त्यांवर घेतला. पोलादी तुळई चढली, नवे खांब उभे राहिले, आणि त्यानंतरच जुने निघाले. खर्च टेबलाच्या किमतीहून अधिक झाला, आणि टेबल त्या वर्षी आलेच नाही. मुलाने त्याबद्दल तक्रार केली नाही.

वडिलांचा परतीचा दिवस आला. आपल्याकडे लग्नाआधी मांडवाची मुहूर्तमेढ पूजितात, हे सुनेच्या ध्यानी होते. तिने हळद-कुंकू आणून नव्या खांबास लाविले. म्हाताऱ्याने खांबावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकून पाहिले, आणि नातवास जवळ बोलावून म्हटले, “हा कशासाठी आहे ते आता तू सांग.”

नातवाने वर बोट दाखविले आणि भिंत, देव्हारा, आपली खोली अशी एकेक वस्तू क्रमाने सांगितली.